एकाच हस्ताक्षरातली त्रेचाळीस पत्रकं

४ मार्च

धाकट्या,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते, पण तुला माझे आशीर्वाद हवेत की नकोत हे चार वर्षांत मला कळलेलं नाही. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. आप्पा आता फार दिवसांचे सोबती नाहीत. डॉक्टरांनी काल त्यांच्या छातीचा फोटो खिडकीसमोर धरून मला दाखवला. म्हणाले, महिना, फार तर सव्वा महिना. चाळीस वर्षं माणसाने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तो रंग छातीत जाऊन बसला तो बसलाच.

गाव सोडून जाताना तू बजावलं होतंस, पत्रात आप्पांचं नाव काढलंस तर न वाचता फाडून टाकीन. म्हणून आजवर मी चार ओळींची कार्डं पाठवत आले. हवा बरी आहे, समोरच्या शिंपीणबाई गेल्या, माझी बढती याही वर्षी हुकली, असली. आज नाव काढते आहे. फाडायचंच असेल तर आधी एवढं वाच: ते आहेत तोवर एकदा येऊन जा.

त्यांनी मला तुला बोलवायला सांगितलेलं नाही. त्यांचा ताठा तुला माहीत आहे, तोच तू उचललास. पण दार वाजलं की मान वळवतात, आणि दूधवाला असला तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडतात. खाणं म्हणजे दुधात बुडवलेला पावाचा तुकडा, तोही मी दटावल्यावर. मला दटावता येतं एवढं तरी बरं.

कचेरीत सध्या पुन्हा तेच सुरू झालंय. दर चार वर्षांनी पालिकेला हुक्की येते आणि गावातल्या बागा आणि मैदान कसं सुधारावं म्हणून लोकांची मतं मागवतात. चौकाचौकात पेट्या ठेवल्यात. त्यात लोक पत्रकं भरून टाकतात आणि उद्यान विभागातली कारकून म्हणून ती वेगळी लावायला मी बसते. हो, त्याच मैदानाची, जिथे आपली भिंगरी गेली. मला हे काम देऊ नका असं साहेबांना सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. नुसता ये.

ताई

१२ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण पुष्कळ झाल्या. "गोलची चौकट हलते हे माहीत असताना ज्या माणसाने माझ्या मुलीला तिथे लोंबकळू दिलं, त्याच्या उशाशी मी बसणार नाही. तू बस." मी ते कार्ड पिठाच्या डब्यामागे ठेवलंय, आप्पांच्या हाती लागू नये म्हणून. आता त्यांना स्वयंपाकघरापर्यंत चालवत नाही, तरी ठेवलंय.

मीही तिथे होते रे. इस्पितळाच्या त्या लांबलचक पडवीत तू आप्पांच्या समोर उभा राहिलास आणि विचारलंस, "चौकट हलते हे तुम्हाला माहीत होतं?" ते म्हणाले, "माहीत होतं." पुढे एक शब्द नाही. तू पुन्हा विचारलंस, आणि तेच उत्तर. तुझी बायको बाकावर बसली होती, तिने कानांवर हात ठेवले. माझ्या हातात भिंगरीचे बूट होते, नर्सने काढून दिलेले. तू मला काही विचारलं नाहीस, मीही काही बोलले नाही.

असो. तुला मतं वाचायला आवडतील का? एके काळी आवडायची. मी घरी येऊन नकला करायचे आणि तू हसून हसून जमिनीवर लोळायचास. ऐक तर. एकाने लिहिलंय, तळ्याकाठची बाकं काढा, त्यावर प्रेमी जोडपी बसतात. दुसरीने लिहिलंय, तळ्याकाठी आणखी बाकं टाका, जोडप्यांना बसायला जागा नाही. हस्ताक्षर पाहून मला शंका आहे की पहिला हा दुसरीचा नवरा आहे. एक निवृत्त फौजदार प्रत्येक खेपेला लिहितो की बागेत हसण्याच्या क्लबवर बंदी घालावी, सकाळी सहा वाजता माणसं विनाकारण हसतात आणि त्याच्या कुत्र्याला धसका बसतो. कारंजं सगळ्यांच्या डोक्यात गेलंय. चार वर्षांपूर्वी गावाने एकमुखाने मागितलेलं हेच ते कारंजं. आता त्यात शेवाळ साचलंय, डास झालेत, आणि लोक विचारतात कुणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं. तुमच्याच, असं पत्रकाखाली लिहून परत पाठवता येत नाही.

आणि एकाने लिहिलंय की मैदानावरची 'ती पाटी' काढावी. मुलीच्या नावाची. सकाळी फिरायला गेलं की उगाच मन खिन्न होतं म्हणे. ते पत्रक मी 'इतर' या गठ्ठ्यात टाकलं. मग उठून हात धुतले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. सायंकाळपर्यंत मला एकाही पत्रकातलं काही कळलं नाही, नुसते कागद इकडचे तिकडे करत होते.

आप्पांना रात्रंदिवस खोकला आहे. बोलायला लागले की धाप लागते. परवा म्हणाले, मतं मोजायला घेतलीस का? मी हो म्हटलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

तुझी बायको बरी आहे ना? तिला माझा नमस्कार सांगावा असं तुला वाटत असेल तर सांग.

ताई

१९ मार्च

धाकट्या,

तू गप्प. ठीक आहे, मी आपली लिहिते.

काल मी कचेरीच्या वेळात, साहेबांना न विचारता, मैदानामागच्या चाळीत गेले. धुलाईच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायका राहतात ती ओळ, जिथून आपण लहानपणी पतंगासाठी काठ्या पळवायचो. पेटीत त्या ओळीतून एकही पत्रक आलेलं नाही. त्यांच्या मुलांना खेळायला दुसरी जागा नाही, दिवस उजाडल्यापासून ती मैदानावरच असतात, आणि मत मात्र एकाचंही नाही. म्हटलं आपणच जाऊन लिहून घ्यावीत.

पंधरा खोल्या फिरले. बायका बोलायला गोड, पण पत्रकाचं नाव काढलं की कुणाचं दूध उतू जाणार असतं, कुणाची कारखान्यातली पाळी सुरू व्हायची असते. शेवटच्या खोलीत एक इस्त्रीवाली भेटली. साठीला आलेली, हात कोपरापर्यंत डागांनी भरलेले. तिने मला बसायला पेटी सरकवून दिली. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, मागच्या खेपेला त्या पाटीवाल्या म्हाताऱ्याने आमची सगळ्यांची लिहून नेली होती. आठ दिवस रोज यायचे. आम्ही अंगठे दिले. मग ती गेली कुठे?"

ती भांडत नव्हती. खरंच विचारत होती, हरवलेल्या भांड्याबद्दल विचारावं तसं. मी म्हटलं, बघते, चौकशी करते. तिने चहा विचारला, मी नको म्हटलं आणि निघाले. वाटेत मैदानाच्या कडेने यावं लागलं. गोलच्या नव्या चौकटी सिमेंटात पक्क्या बसवल्या आहेत. चार मुलं लोंबकळत होती, तरी चौकट जागची हलत नव्हती.

तुला यातून काय कळलं असेल ते कळलं असेल. नसेल कळलं तर मी पुढच्या पत्रात लिहीन.

आप्पांना कालपासून नळीने हवा द्यावी लागते. ये रे.

ताई

२२ मार्च

धाकट्या,

तीन दिवस कागद घेऊन बसते आहे आणि उठते आहे. आता सगळं एका दमात लिहिते, मध्ये थांबले तर राहील.

तुला तो चौकशीचा अहवाल आठवत असेल. "गोलची चौकट गवत कापताना उचलून बाजूला ठेवण्यात आली होती व परत ठेवताना जमिनीत खुंट्या ठोकण्यात आल्या नव्हत्या. याबाबत पूर्वी एका रहिवाशाची एक सूचना प्राप्त झाली होती." तो अहवाल मी टाइप केला. 'एका' आणि 'एक' हे दोन्ही शब्द मी माझ्या बोटांनी टाइप केले. खरं तर सूचना त्रेचाळीस होत्या.

आमच्याकडे एक नियम आहे. कितीही पत्रकं असोत, हस्ताक्षर एक असेल तर मत एक धरायचं. हा नियम सरकारने केलेला नाही, मी केला. त्याच्या आधीच्या खेपेला टेनिस क्लबच्या चिटणीसाने एकट्याने बसून शंभरावर पत्रकं भरली होती आणि गावाला टेनिस हवंय असं दिसायला लागलं होतं. मी ते पकडलं. साहेबांना नियम सुचवला, त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, नियम छापून पेट्यांवर चिकटवला. माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या डोक्यातून निघालेली छापील गोष्ट ती एवढीच.

तर त्या वर्षी आप्पा एक दिवस कचेरीत आले. माझ्या टेबलासमोर उभे राहून मोठ्याने म्हणाले, मैदानावरची चौकट हलते, मी एका हाताने हलवून बघितली, तुम्ही लोक करता काय दिवसभर? तुला त्यांचा आवाज माहीत आहे. चार टेबलांवरची डोकी वर झाली. साहेब बाहेर आले आणि फार नम्रपणे म्हणाले की सूचना असेल तर इतरांसारखं पत्रक भरून पेटीत टाका. आप्पा गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, पुन्हा कचेरीत पाऊल ठेवलंत तर मी नोकरी सोडेन.

आठ दिवसांनी पेटी उघडली आणि एकामागून एक त्यांच्या अक्षरातली पत्रकं निघायला लागली. आप्पांचं अक्षर कुठेही ओळखू येतं, अर्ध्या गावाची दुकानं त्या अक्षरात आहेत. त्रेचाळीस पत्रकांत तेच वाक्य: चौकट जमिनीत पक्की करा, मुलांच्या अंगावर पडेल. साहेब माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. म्हणाले, बाई, तुमच्या वडिलांनी छापखाना काढलेला दिसतोय. सगळे हसले. मीही हसले. मग मी एक सुतळी घेतली, गठ्ठा बांधला आणि वर लिहिलं, एकच हस्ताक्षर, मत एक. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, शाबास, नियम म्हणजे नियम, बापाला सुद्धा सोडलं नाहीत. मला त्या दिवशी घरी जाताना छान वाटत होतं, धाकट्या. हे तुला कळलंच पाहिजे म्हणून लिहिते.

प्रत्येक पत्रकावर वेगळं नाव होतं, खोलीचा नंबर होता, आणि खाली अंगठा होता. मी मनाशी म्हटलं, हे सगळे अंगठे आप्पांचेच, रंग लावून उठवलेले. पण मी ते बघितले होते. लहान होते, मोठे होते, एकाच्या मधोमध भाजल्याची आडवी पट्टी होती. ते एका माणसाचे नाहीत हे समजायला भिंग लागत नव्हतं.

कारंज्याला अडतीस मतं पडली. ज्याला सर्वांत जास्त मतं ते काम महिन्याच्या आत करायचं असा ठराव होता. त्यांनी महिन्याच्या आत कारंजं केलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गठ्ठा मी फेकला नाही, माझ्या कपाटात तळाला आहे. त्यातलं एक पत्रक सोबत पाठवते. अक्षर बघ.

आता तरी ये. आप्पांनी गप्प बसून बघितलं नव्हतं. आठ दिवस दारोदार फिरून त्यांनी जमेल ते सगळं केलं होतं. वाट अडवली मी.

ताई

२७ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र वाचलं. मला वाटलं होतं तू शिव्या देशील. तू नुसता प्रश्न विचारलास. "ठीक आहे, त्यांनी लिहून दिलं होतं. म्हणजे त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. मग तिला तिथे नेलं का? आणि नेलं तर पेपर वाचत का बसले?"

तू लहानपणापासून असाच. बरणी फुटली की कुणी फोडली हे नाही विचारायचास, ती फळीच्या कडेला कुणी ठेवली हे विचारायचास.

मी परवाच्या पत्रात निम्मंच लिहिलं. मला वाटलं निम्म्यावर भागेल. कचेरी, नियम, साहेब, यात माझ्याबरोबर उभं राहायला चारजण तरी आहेत. पुढच्या गोष्टीत मी एकटी आहे.

काल दुपारी मी आप्पांपाशी बसले आणि म्हटलं, त्याला सगळं लिहिते. त्यांनी डोळे उघडले. त्यांना एक वाक्य बोलायला आता तीन वेळा थांबावं लागतं. म्हणाले, "मी चार दिवसांचा. तुला अजून वीस-पंचवीस वर्षं काढायचीत. माझ्यामागे तुला त्याच्याशिवाय आहे कोण? माझं तोंड नाही बघितलं त्याने तरी चालेल. तुझं बघितलं पाहिजे." मग माझं मनगट धरून म्हणाले, "इतकी वर्षं मी उगाच गप्प बसलो का?"

मला तोवर कळलंच नव्हतं रे. चार वर्षं मला वाटत होतं, त्यांना धक्का बसलाय, ते विसरले असतील, किंवा स्वतःलाच दोष देत असतील. एका घरात जेवत होतो आम्ही. मी ताट वाढायची, ते पुरे म्हणायचे. त्यांनी एकदाही माझ्याकडे बघून ती गोष्ट काढली नाही, आणि मी त्यातच माझं भलं मानलं.

तर गोष्ट अशी. पत्रकं टाकल्यापासून ते रोज रात्री जेवताना विचारायचे, चौकटीचं काय झालं? आणि तोवर भिंगरीला त्यांनी मैदानाच्या त्या टोकाला फिरकू दिलं नाही. महिनाभर ती कुरकुरत होती, तुला आठवत असेल, आजोबा मला गोलपाशी खेळू देत नाहीत म्हणून तुझ्याकडेच तक्रार केली होती तिने. शुक्रवारी रात्री मी थकून आले होते. दिवसभर कारंज्याच्या ठरावाच्या प्रती काढल्या होत्या. ताटावर बसले आणि त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झालं. काल माणसं आली, खुंट्या ठोकून गेली. आता तरी मला जेवू द्या."

कुणी आलं नव्हतं. मला फक्त जेवायचं होतं.

ते किती खूश झाले होते. म्हणाले, बघ, लोकांनी मिळून सांगितलं की ऐकतात. मला त्या वाक्याचाही राग आला होता. रविवारी सकाळी ते तिला घेऊन गेले आणि म्हणाले, जा, आता खेळ हवं तिथे. पेपर उघडून बसले, कारण काळजीचं कारण उरलं नव्हतं. हे मला त्यांनी सांगितलेलं नाही. त्या दिवशी बाकावर त्यांच्या शेजारी जी बाई बसली होती तिने चौकशीत सांगितलं, आणि ते टाइप करताना मी गाळलं.

पडवीत तू त्यांना विचारलंस, माहीत होतं का. त्यांनी हो म्हटलं. "हिने मला सांगितलं होतं की दुरुस्त झालंय" एवढंच पुढे म्हणायचं होतं. मी तिथेच होते, तीन हातांवर. ते म्हणाले नाहीत, आणि मी म्हटलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. आता माझ्याशी काय करायचं ते तू ठरव, पण त्यांच्यापाशी ये. आजचा दिवस धरून मोज, उद्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत.

ताई

१४ एप्रिल

धाकट्या,

तू परत गेल्याला आज अकरा दिवस झाले. आप्पांची खोली मी आवरली. ब्रश सगळे त्या इस्त्रीवालीच्या नातवंडांना दिले. मतांचं काम संपलं, सगळ्यांत जास्त मतं कारंजं बुजवायला पडली. चाळीतून शेवटी एकोणतीस पत्रकं आली. ती मी लिहिली आणि एकोणतीसच धरली. साहेबांनी हस्ताक्षर ओळखलं, मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांनी सही केली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

तू आलास त्या दुपारी मी दारात उभी होते. तू त्यांच्यापाशी बसलास आणि विचारलंस, आप्पा, ताई लिहिते ते खरं का? ती तुम्हाला खोटं बोलली होती का? त्यांना बोलवत नव्हतं, तरी बोलले. म्हणाले, "तिचं ऐकू नकोस. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. माझंच लक्ष नव्हतं." धाप लागली, थांबले, आणि पुन्हा म्हणाले, "मला सोडवायला बघते वेडी." तू त्यांचा हात हातात घेतलास. म्हणालास, असू दे आप्पा, झालं ते झालं. मग ते झोपले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

तू त्यांना त्यांच्या न केलेल्या चुकीसाठी माफ केलंस. मी दारात होते. आत येऊन, आप्पा, खोटं बोलू नका, एवढंच म्हणायचं होतं. मला वाटलं, जाणाऱ्या माणसाचं एक ऐकावं. हे मी स्वतःला सांगितलं. खरं हे आहे की तू त्यांचा हात धरलेला बघितला आणि माझ्या मनात आलं, म्हणजे आता मी सुटले.

गाडीवर पोहोचवायला आले तेव्हा तू मला जवळ घेतलंस. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणालास, ताई, पत्रकांचं ते कचेरीचं काम, नियम होता, पण बाकीचं तू आप्पांसाठी अंगावर घेतलंस, इतकं कुणी कुणासाठी करत नाही. मग पाकिटातून धाकट्या लेकीचा फोटो काढून दाखवलास. दोन वर्षांची झाली आणि मला ती आहे हेही माहीत नव्हतं. म्हणालास, आता तिथे एकटी काय करतेस, आमच्याकडे राहायला ये, हिला आत्या मिळेल, आम्ही कामावर गेलो की तू हिला बागेत नेशील. मी हो म्हटलं. रडलेही. फोटो मागून घेतला.

अकरा दिवस मी तो फोटो उशाशी ठेवून झोपते आहे. बॅगही काढली. नोकरीचा राजीनामा लिहिला, तो टेबलावर आहे. आणि रोज मनाशी म्हणते, आप्पांचीच इच्छा होती. होतीच. त्यांनी मरताना उरलासुरला श्वास खर्चून माझ्यासाठी भाऊ राखला.

पण तू तुझी मुलगी माझ्या हाती देणार आहेस.

म्हणून पुन्हा लिहिते, यावेळी कुणाला सोडवायला नाही. आप्पा गेले, त्यांना आता कशाचं काही नाही. चौकट दुरुस्त झाली असं मीच त्यांना सांगितलं होतं. शुक्रवारी, रात्रीच्या जेवणाला, मला शांतपणे जेवायचं होतं म्हणून. पत्रकांचा पुरावा तरी तुझ्याकडे आहे. याला पुरावा नाही, घरात आम्ही दोघंच होतो आणि त्यातला एक खोटं बोलून गेला.

हे पत्र एकट्याने वाचून ठेवून देऊ नकोस. तुझ्या बायकोला मोठ्याने वाचून दाखव, शुक्रवारचं सुद्धा. तू माझा भाऊ आहेस, तू मला माफ करायला वाट शोधशील. तिला तसलं काही नाही, ती भिंगरीची आई आहे. ती सगळं ऐकून ये म्हणाली तर मी येईन. नको म्हणाली तर उत्तर लिहू नकोस, फोटो मी परत पाठवीन.

ताई